स्वतःची चाल वाजवू नका!

"तुमच्या चाली तुमच्यापाशीच राहू द्या. लोकांच्या ओळखीचं काही वाजवणार असाल तर बोला!"

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आमच्या भागातील एका उत्सवाच्या कार्यवाहांनी माझ्या पुतण्याला हे उत्तर दिले. पुतण्या गिटार वाजवतो. पुण्यात नोकरी करतो आणि नोकरीतून उरलेल्या वेळात आपल्यासारख्याच दोन तरुणांना घेऊन जाझ वाजवतो. एक गिटार, एक माणसाच्या उंचीचा उभा बास आणि एक ड्रमचा संच, अशी ही तिघांची मंडळी. या तिघांनी तीन वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकले आणि आठ चाली ध्वनिमुद्रित केल्या. आठही चाली त्यांच्या स्वतःच्या. पाठीशी कोणती कंपनी नाही, सिनेमा नाही, गायक नाही, शब्दही नाहीत. मोजून चाळीस मिनिटांचे संगीत. ते संगीत तो आपल्या गावी, जळकोटला, फुकट वाजवायला तयार होता. गाडीभाडे त्याचे, वाद्ये त्याची. मंडळाने ध्वनिक्षेपक आणि चार खुर्च्या तेवढ्या द्यायच्या. त्यावर हे उत्तर मिळाले!

त्या कार्यवाहांचे नाव मी सांगणार नाही. गृहस्थ सज्जन आहेत, गावाच्या कोणत्याही कामाला पदर खोचून पुढे येतात. दोष त्यांच्या एकट्याचा असता तर हा लेख लिहिण्याचे मला काही कारण नव्हते. पण हे उत्तर त्यांचे एकट्याचे नाही. ते माझे आहे, तुमचे आहे, साऱ्या महाराष्ट्राचे आहे. आणि म्हणूनच दिवाळीच्या दिवसांत, तुमच्या फराळाच्या ताटात हा कडू घास वाढण्याचे पाप मी करीत आहे.

वाचकहो, या क्षणी तुमच्या हातात काय आहे ते जरा पाहा. दिवाळी अंक! काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मराठी कुटुंब दर दिवाळीला पदरचे पैसे मोडून, आधी कधीही न वाचलेल्या कथा, न वाचलेल्या कविता आणि न वाचलेले वाद विकत घेते. 'गेल्या वर्षी गाजलेलीच कथा यंदा पुन्हा छापा, कारण ती आमच्या ओळखीची आहे,' असे पत्र कोणा वाचकाने संपादकांना लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट एखादी शिळी कथा नवे नाव देऊन छापली गेली, तर हाच वाचक लाल शाईने पत्र लिहून संपादकांची झोप उडवील! मग डोळ्यांनी नवे मागणारा हा रसिक कानांनी मात्र शिळेच का मागतो? लेखकाने स्वतःचे लिहिले नाही तर तो चोर, आणि वादकाने स्वतःचे वाजवले तर तो आगाऊ, हा न्याय कोठला?

जाझ म्हणजे काय, हे शास्त्रशुद्ध सांगण्याचा आव मी आणीत नाही. मी मराठीचा मास्तर. तीस वर्षे व्याकरण शिकवले. संगीतातले माझे ज्ञान सप्ताहातल्या भजनापलीकडे कधी गेले नाही. पण पुतण्याने मला ओसरीवर बसवून जे समजावले ते सांगतो. आधी चाल वाजते. ती ठराविक लांबीची असते. बारा घरांची, नाही तर बत्तीस घरांची. ती संपली की थांबायचे नाही. तेवढ्याच लांबीचे आवर्तन पुन्हा सुरू होते, पुन्हा पुन्हा फिरते, आणि त्यावर वादक त्या क्षणी जे सुचेल ते रचतो. फरक एवढाच, की आपल्याकडे तंबोरा एका सुरावर स्थिर असतो. इथे खालची जमीन हलत असते. घराघराला सुरांचे नवे जुडगे येते आणि वादकाने त्या प्रत्येकाशी इमान राखून पुढे जायचे असते. शेवटी पुन्हा मूळ चाल. म्हणजे माहेरून निघून, गावोगाव हिंडून, पुन्हा माहेरच्या उंबऱ्यावर येणे.

यात तिघांचीच मंडळी असणे ही फार जोखमीची गोष्ट आहे. पंधरा जणांच्या बँडमध्ये एखादा चुकला तर चौदा जण त्याची लाज झाकतात. तिघांत कोणी कोणाला झाकू शकत नाही. पियानो नाही, त्यामुळे चालही गिटारनेच सांगायची आणि खालचे जुडगेही तिनेच सुचवायचे. बासने पाया सोडला तर घर कोसळले. ड्रमवाला नुसता ठेका धरून बसला तर ते संगीत नव्हे, पिठाची गिरणी! मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला गेलेल्या माझ्या नांदेड-लातूरकडच्या वाचकांना हे समजणे अवघड नाही. वाघ्याची दिमडी, तुणतुण्याची एक तार आणि मुरळीचा आवाज एवढ्या भांडवलावर रात्र जागवणारे लोक आपण पाहिले आहेत. मोजकी माणसे, मोजकी वाद्ये, आणि लपायला जागा नाही.

आता या संगीतावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांकडे वळू. गेल्या वर्षभरात मी ते सर्व पारावर, लग्नात आणि एस्टीत ऐकले आहेत.

पहिला आक्षेप असा, की हे परक्यांचे. गिटार आपली नव्हे, जाझ तर मुळीच आपले नव्हे. ज्या मंडळींनी मला हे ऐकवले, ती आमच्या सप्ताहात पेटीवाला उशिरा आला तर भजन सुरू करीत नाहीत. ही पेटी कोठून आली? 1842 साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या फ्रेंच माणसाने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी तिचा पायभाता काढून हाताचा भाता बसवला, तेव्हा ती आपल्या मांडीसमोर येऊन बसली. 'ही परकी आहे, हिच्यात आपल्या श्रुती निघत नाहीत' म्हणून आकाशवाणीने 1940 साली तिला दाराबाहेर काढले, आणि 1971 सालापर्यंत तिची वाट पूर्ण मोकळी झाली नव्हती. बंदी घालणारे विद्वान होते आणि श्रुतींबद्दल त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. पण त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या एका तरी देवळातून पेटी बाहेर गेली काय? लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजते, ती काय पंढरपूरला घडवली होती? वाद्याला जात नसते. ज्याच्या हातात ते राबते, त्याचे ते होते.

आणि गिटार आपण नाकारली आहे असेही नाही. ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार, शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी 1967 साली निघाली आणि घरोघर वाजली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. विविध भारतीवर सिनेमातल्या गाण्यांच्या गिटारवरच्या धुना आपण दुपारच्या चहाबरोबर वर्षानुवर्षे ऐकल्या. गिटार राग वाजवते तेव्हा आपली, सिनेमातले गाणे वाजवते तेव्हाही आपली. ती वाजवणाऱ्याची स्वतःची चाल वाजवू लागली, की तत्काळ परकी! म्हणजे आपली तक्रार गिटारबद्दल नाहीच. तक्रार आहे ती 'स्वतःची' या शब्दाबद्दल.

परकेपणाचा हिशेब मांडायचाच असेल तर आणखी एक गोष्ट सांगतो. युरोपात जाझ गिटारला मानाचे स्थान ज्याने मिळवून दिले, तो जँगो राइनहार्ट हा रोमा भटक्यांच्या तांड्यातला. जन्म 1910 सालचा, बेल्जियममधला. ऐन तारुण्यात, 1928 साली, त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. उरलेल्या बोटांनी तो असे काही वाजवू लागला, की धडधाकट बोटांचे लोक आजही ते शिकतात. या रोमा लोकांची भाषा मुळात हिंदुस्थानातून गेलेली आहे, हे भाषाशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. तेव्हा ज्यांना या कलेची कुळी काढायची हौस असेल त्यांनी जरूर काढावी. कदाचित एखादा धागा आपल्याच भटक्यांच्या पालापर्यंत येऊन पोचेल!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'गुरुजी, हा दुष्काळी मुलूख. तुरीला भाव नाही, कापसाला भाव नाही, आणि श्रीमंतांच्या हॉटेलातले हे संगीत इथे कशाला?' या प्रश्नाला मी हसून उत्तर देऊ शकत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. पण जाझ श्रीमंतांच्या घरी जन्मले हे मात्र साफ खोटे. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलानातवंडांनी ते अमेरिकेच्या दक्षिणेत उभे केले. आणि त्याच्या मुळाशी जी ब्लूजची गाणी आहेत, ती ज्यांच्या आयुष्यातून आली ते लोक दुसऱ्याच्या रानात कापूसच वेचीत होते! कापूस वेचणारी माणसे काय गात असतील, हे नांदेडच्या शेतकऱ्याला न्यूयॉर्कच्या सावकारापेक्षा लवकर कळावे.

वेस माँटगोमेरी याचेच पाहा. इंडियानापोलिस गावचा हा माणूस. सात लेकरांचा बाप. दिवसा कारखान्यात राबायचा आणि रात्री गुत्त्यात गिटार वाजवायचा. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून तो पट्टी टाकून नुसत्या अंगठ्याने वाजवू लागला, असे सांगतात. पुढे तो अंगठाच त्याची ओळख झाला. 1959 साली रिव्हरसाइड नावाच्या एका लहानशा स्वतंत्र कंपनीने त्याला न्यूयॉर्कला बोलावून गिटार, ऑर्गन आणि ड्रम अशा तिघांची तबकडी काढली. तेव्हा त्याचे वय छत्तीस होते. त्याला मोठे करणारे कोणी सरकार नव्हते, राजेरजवाडे नव्हते. एकाने त्याला ऐकले, दुसऱ्याला सांगितले, आणि तिसऱ्याने 'तुला येते ते वाजव' म्हटले. आपल्याकडे हा तिसरा माणूसच जन्माला येत नाही!

आमच्या मुंबईत जाझ हॉटेलाच्याच दाराने आले, हे मात्र मान्य केले पाहिजे. 1935 साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पण साहेब लोक नाचत होते तेव्हा कान देऊन ऐकत होते ते गोव्याहून पोटासाठी आलेले गरीब वादक. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, खोलीत दाटीवाटीने राहणारे. पुढे मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांचे दिवे मंदावले आणि ही मंडळी सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरली. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी त्यांतल्या चिक चॉकलेट या ट्रंपेटवाल्याला साहाय्यक म्हणून जवळ केले, आणि 1951 साली भगवानदादांचा 'अलबेला' आला. त्या गाण्यांवर महाराष्ट्र नाचला, मीही नाचलो आहे. म्हणजे ज्या संगीताला आपण परके म्हणतो, ते आपण सत्तर वर्षांहून अधिक काळ आवडीने चाखतो आहोत. फक्त वाढप्याचे नाव विचारायचे नाही, एवढा आपला नियम.

सिनेमाच्या गाण्यांवर माझा राग नाही, हेही स्पष्ट करतो. 1952 नंतर माहितीमंत्री केसकर यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून ती गाणी हटली, तेव्हा अवघा देश रेडिओ सिलोनकडे वळला. रुची हुकुमाने घडत नाही. मला कोणाची बंदी नको आहे. मला एका खुर्चीची जागा हवी आहे.

त्या जागेवाचून काय होते, त्याचे दाखले देतो. अँथनी गोन्साल्विस हे नाव माहीत नसलेला माणूस या देशात शोधून काढावा लागेल. 1977 सालच्या सिनेमातल्या त्या गाण्याने ते घराघरांत नेले. पण हा खराखुरा माणूस होता, गोव्याचा व्हायोलिनवादक होता, संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू होता, आणि ते नाव शिष्याच्या कृतज्ञतेपोटी त्या गाण्यात आले, हे किती जणांना ठाऊक आहे? आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या स्वतःच्या रचना त्याने केल्या होत्या. त्यांसाठी 1958 साली शंभरावर वादक गोळा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात त्याने कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्या रचना आज कोणाच्या ओठांवर आहेत? त्याचे नाव आपण गातो. त्याचे संगीत आपण ऐकले नाही. सत्कार करून माणूस विसरण्याची ही कला आपल्याइतकी कोणाला साधलेली नाही.

गिटारचा दाखला तर याहून जिव्हारी लागणारा आहे. अमान्सिओ डिसिल्वा. जन्म मुंबईत, 1936 साली, गोव्याच्या घराण्यातला. जाझ गिटारमध्ये आपल्या मातीतले सूर मिसळून स्वतःच्या चाली बांधणारा हा माणूस. 1967 साली तो लंडनला गेला. तिथे दोनच वर्षांत, 1969 साली, 'इंटिग्रेशन' ही त्याची तबकडी निघाली आणि जो हॅरियट या जमैकाच्या सॅक्सोफोनवाल्यासमवेत दुसरी. त्या दुसरीचे नाव 'हम दोनो'! त्याच लंडनमध्ये मुंबईहून गेलेले आपले तबलजी केशव साठे 1966 सालीच हॅरियट आणि कलकत्त्याचे जॉन मेयर यांच्याबरोबर जाझमध्ये तबला वाजवीत होते. मुंबईच्या या माणसांना मुंबई ऐकवायला लंडन गाठावे लागले. तिकडे सगळे सोनेच होते असेही नाही. डिसिल्वाने 1972 साली 'कोकण डान्स' नावाची तबकडी ध्वनिमुद्रित केली. ती तशीच पडून राहिली आणि 2006 साली बाहेर आली. चौतीस वर्षांनी! मधल्या काळात, 1996 साली, डिसिल्वा वारला होता. कोकणाचे नाव दिलेल्या त्या संगीतासाठी कोकणातून, मुंबईतून, महाराष्ट्रातून कोणी हाक मारली नाही. हाक मारायला आधी ठाऊक तर हवे!

तिसरा आक्षेप: 'यात शब्द नाहीत, आम्हाला काय कळणार?' याचे उत्तर मी देत नाही. आमच्या शेजारचे आबा देतील. वय ऐंशीच्या पुढे, सप्ताहात पखवाज वाजवतात, शाळा दुसरीपर्यंत. उत्सवात नकार मिळाल्यावर पुतण्याने ती चाळीस मिनिटे माझ्या ओसरीवर एका छोट्या ध्वनिक्षेपकावर लावली. आबा तंबाखू मळत भिंतीला टेकून बसले होते. तिसरी चाल चालू असताना हातातला तंबाखू तसाच धरून म्हणाले, "गुरुजी, ह्यो मागं जाड आवाजाचं वाजवलालाय, त्यो ठाय सोडंना बगा. म्होरला लई लांब गेला तरी ह्यो जाग्यावरच हाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पेटीवाला चुकला तर आमी सांभाळताव. हे एकमेकाला सांभाळलालेत." जाझवर लिहिलेला याहून नेमका अभिप्राय मला मिळालेला नाही. आबांना शब्द लागले नाहीत. शब्द आपल्यासारख्या शिकलेल्यांना लागतात, कारण आपले कान आपण शाळेत जमा करून आलो.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: 'हे मागितले कोणी?' कोणीच नाही. ज्ञानेश्वरी तरी कोणी मागितली होती? मागणी पाहून जे करतात त्याला दुकान म्हणतात. दुकाने हवीतच, पण सगळा गावच बाजार झाला तर राहायचे कोठे? मिसुरीसारख्या शेतीच्या मुलखातला पॅट मेथेनी हा तरुण एकविसाव्या वर्षी गिटार, बास आणि ड्रम अशा तिघांची तबकडी करून गेला. ती 1976 साली निघाली. एक तुकडा सोडला तर सगळ्या चाली स्वतःच्या, आणि काहींना नावे आपल्याच मुलखाची. सुरुवातीला तिची फारशी विक्री झाली नाही. आज जगभरचे गिटारवादक ती अभ्यासाला घेतात. माझ्या पुतण्याच्या एका चालीचे नाव 'मुक्कामी गाडी' आहे. रात्री उशिरा गावात येऊन थांबणारी आणि पहाटे पहिल्या कोंबड्याला निघणारी आमची एस्टी. त्याच गाडीने तो प्रथम शिकायला बाहेर पडला. त्याची तबकडी जग गाजवील असे मी म्हणत नाही. बहुधा गाजवणार नाही. पण ही चाल जळकोटची आहे आणि जळकोटने ती ऐकायला नकार दिला, एवढे मात्र खरे.

आता माझा कबुलीजबाब. वर मी म्हटले की हे उत्तर माझेही आहे. ते अलंकारिक नव्हते.

हाच मुलगा नववीत होता. मी ज्या शाळेत शिकवीत होतो तिथेच तो शिकत होता, आणि स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. नांदेडहून आणलेल्या एका स्वस्त गिटारवर त्याने दोन महिने खपून स्वतःची एक चाल बांधली होती. यादीत त्याने लिहिले: 'गिटार वादन, स्वतःची रचना.' मी ती ओळ खोडली. 'अरे, पालक येणार आहेत. ओळखीचं एखादं गाणं वाजव.' त्याने मान हलवली. सिनेमातले एक गाणे वाजवले. पालकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला, 'वन्स मोअर' झाला, आणि मी त्याची पाठ थोपटली. आपण एका मुलाला मार्गी लावले, अशा समाधानात मी त्या रात्री झोपलो.

गेल्या वर्षी ओसरीवर आठवी चाल संपली तेव्हा मी त्याला विचारले, "यात ती तुझी शाळेतली चाल कोणती रे?"

तो म्हणाला, "ती यात नाही, काका. ती मी विसरलो. नंतर पुष्कळदा आठवून पाहिली. येत नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरे वाटले असते. वाचकहो, कविता खोडली तरी कागदावर तिची खूण राहते. न वाजलेल्या चालीची कसलीच खूण राहत नाही. मी त्या मुलाची एक चाल मारली आणि टाळ्या मात्र ऐकत राहिलो. अशा किती चाली किती मास्तरांनी, किती कार्यवाहांनी आणि किती आईबापांनी मारल्या असतील, याची नोंद कोणत्या रजिस्टरात सापडणार?

एवढे बोलल्यावर त्या जाझवाल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. नाही तर पुतण्याचा कैवार घेतल्याचा आरोप माझ्यावर येईल, आणि तो खरा ठरेल. तुम्ही मंडळी तरी आमच्यापर्यंत येता कोठे? 1978 साली निरंजन झवेरी यांनी मुंबईला 'जाझ यात्रा' भरवली, जगभरचे वादक आणले. मोठे काम केले. पण ही यात्रा आमच्या बालाघाटाच्या डोंगरापर्यंत कधी चढली नाही. तुमच्या तबकडीच्या वेष्टनावर एक मराठी अक्षर नाही. 'मुक्कामी गाडी' एवढे एक नाव सोडले तर बाकी सातही नावे इंग्रजीत! चाल कशी फिरते, ड्रमवाला कोठे थांबतो, हे मला कळले ते पुतण्याने माझ्या भाषेत सांगितले म्हणून. जे काकाला सांगितले ते गावाला सांगा. वाजवण्यापूर्वी दोन मिनिटे मराठीत बोला. आबांसारखा माणूस पहिल्या रांगेत बसला आहे असे समजून बोला. श्रोता मूर्ख आहे ही समजूत जशी कार्यवाहांची, तशीच ती तुमचीही आहे. फक्त ते ती बोलून दाखवतात आणि तुम्ही मनात ठेवता.

जळकोट 1999 साली तालुका झाले. कचेऱ्या आल्या, दुकाने आली, उत्सवांच्या वर्गण्या वाढल्या. ध्वनिक्षेपकांच्या भिंती इतक्या उंच झाल्या, की म्हाताऱ्यांची छाती धडधडते आणि तान्ही लेकरे दचकून उठतात. त्या भिंतीचे एका रात्रीचे भाडे वाचवले तर अशा तिघांची मंडळी गावात आणता येईल, जेवू घालता येईल आणि वर बिदागीही देता येईल.

माझे मागणे फार थोडे आहे. उत्सवाच्या कार्यवाहांनो, तीन तासांच्या कार्यक्रमात वीस मिनिटे अशी ठेवा, की ज्यात वादक फक्त स्वतःचे वाजवील. लोक उठून गेले तर जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी निम्मे बसतील. मास्तरांनो, यादीत 'स्वतःची रचना' असे लिहिलेले दिसले तर हातातली लेखणी खाली ठेवा. आणि वाचकहो, हा अंक तुम्ही नवे वाचण्यासाठी विकत घेतलात. तसेच या चार दिवसांत एकदा, सगळी मंडळी घरात असताना, ज्याचे नाव कधी ऐकले नाही अशा कोणाची तरी स्वतःची चाल विकत घेऊन ऐका. गिटारचीच असली पाहिजे असे नाही. तुणतुण्याची असेल, बासरीची असेल. आवडली नाही तर नावे ठेवा, पण ऐकून ठेवा.

यंदा भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या आणि त्याचे दोघे सोबती आमच्या ओसरीवर वाजवणार आहेत. मंडप नाही, वर्गणी नाही. सतरंज्या मी शेजारून मागून आणल्या आहेत. पहिल्या रांगेतली भिंतीकडची जागा आबांची आहे. बाकीची सगळी रिकामी आहे.